लसूण, मीठ आणि वरचा आकडा

रक्तदाब वाढल्याचे निदान झाले की मराठी घरात दोन गोष्टी लागोपाठ घडतात. डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी घरात येते, आणि तिच्या पाठोपाठ कोणीतरी वडीलधारे माणूस सांगते की सकाळी उठल्याबरोबर लसणाच्या दोन पाकळ्या चावून खा, म्हणजे गोळीची गरजच पडायची नाही. माझ्या बाबतीत हे सांगणारी माझी आत्या होती. ‘‘अगं, तुझ्या मामंजींनी आयुष्यभर लसूण खाल्ला, त्यांना कधी दवाखान्याची पायरी चढावी लागली का?’’ असे तिने विचारले, आणि या प्रश्नाला सून म्हणून उलट उत्तर देता येत नाही हे तिलाही ठाऊक होते. मी तिचा सल्ला अर्धाच मानला. गोळी चालू ठेवली आणि लसणाविषयी मिळेल ते वाचायला लागले.

मला पहिल्यांदा जाणवले ते हे की लसणाची कीर्ती रक्तदाबापेक्षा कितीतरी जुनी आहे. सन १८९० मध्ये हॅमिल्टन बॉवर या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याला मध्य आशियातल्या कुचा येथे भूर्जपत्रांवर लिहिलेली एक संस्कृत पोथी विकत मिळाली. आज ती बॉवर हस्तलिखित या नावाने ओळखली जाते आणि ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे. सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीच्या या पोथीतला पहिलाच ग्रंथ लसणावर आहे. अमृत चोरून प्यालेल्या असुराचे शिर विष्णूने उडवले, त्याच्या रक्ताचे थेंब जमिनीवर पडले आणि त्यांतून लसूण उगवला, म्हणून ब्राह्मण तो खात नाहीत, अशी कथा तिथे येते. पण पोथीकार मोठा व्यवहारी असावा. ज्यांना लसूण वर्ज्य आहे त्यांच्यासाठी त्याने वाटही काढून ठेवली आहे: गाईला तीन रात्री जवळजवळ उपाशी ठेवावे, मग गवतात लसणाची पात मिसळून खाऊ घालावी, आणि तिचे दूध, दही, तूप खुशाल घ्यावे. हे वाचून मला गाईची दया आली आणि पोथीकाराचे कौतुकही वाटले.

तरीही या जुन्या स्तुतीतून रक्तदाबाविषयी काही सिद्ध होत नाही. दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजण्याचे साधन रिवा-रोची या इटालियन वैद्याने १८९६ मध्ये पुढे आणले, आणि स्टेथोस्कोपने नाडीचे आवाज ऐकून वरचा (हृदय आकुंचन पावतानाचा) व खालचा (ते सैल पडतानाचा) आकडा वेगळा काढण्याची पद्धत कोरोत्कोव्ह या रशियन शल्यविशारदाने १९०५ मध्ये सांगितली. अशी साधने येण्याआधी कोणत्याही वैद्याला, तो कितीही थोर असला तरी, लसूण खाल्ल्याने हा आकडा उतरतो की नाही हे पाहता येणे शक्यच नव्हते. ‘आपल्या पूर्वजांना हे माहीत होते’ असे कोणी ठासून सांगू लागले की मला ती दोन साले आठवतात. पूर्वजांना लसणाविषयी बरेच काही माहीत होते, परंतु हे नव्हते.

आता लसणाच्या पोटात काय चालते ते पाहू, कारण स्वयंपाकघराच्या दृष्टीने तोच सर्वांत रंजक भाग आहे. अखंड पाकळीला फारसा वास नसतो, हे लसूण सोलणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. तिच्या पेशींमध्ये अ‍ॅलिइन नावाचे गंधकयुक्त द्रव्य एका कप्प्यात असते आणि त्यावर काम करणारे एन्झाइम दुसऱ्या कप्प्यात. पाकळी ठेचली, चिरली किंवा दाताखाली चावली की कप्पे फुटतात, दोघांची गाठ पडते आणि क्षणार्धात अ‍ॅलिसिन तयार होते. नाकाला झोंबतो तो वास याचाच. चेस्टर कॅव्हॅलिटो आणि जॉन बेली या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञांनी १९४४ मध्ये अ‍ॅलिसिन वेगळे काढून दाखवले. मात्र ते एन्झाइम उष्णतेपुढे टिकत नाही. अख्खी पाकळी तापलेल्या तेलात टाकली तर अ‍ॅलिसिन तयार होण्याआधीच एन्झाइम निकामी होते, आणि आपल्याला चव व खरपूस गंध मिळतो, पण ते द्रव्य फारसे मिळत नाही. लसूण ठेचून दहा मिनिटे तसाच ठेवला आणि मग शिजवला तर त्यातले काही गुण टिकून राहतात, असे प्रयोगांत दिसले आहे. आमच्याकडे भाजी चिरायच्या आधी लसूण ठेचून वाटीत ठेवण्याची सवय होती ती केवळ सोयीची, पण ही सोय आता मी मुद्दाम पाळते.

अ‍ॅलिसिनही फार काळ टिकत नाही. त्याचे तुकडे होऊन गंधकाची निरनिराळी संयुगे बनतात. अमेरिकेतल्या अलाबामा विद्यापीठातील संशोधकांनी २००७ मध्ये असे दाखवले की आपल्या तांबड्या रक्तपेशी या संयुगांपासून हायड्रोजन सल्फाइड तयार करतात. कुजक्या अंड्याचा वास येतो तोच हा वायू, पण अत्यल्प प्रमाणात तो रक्तवाहिन्यांच्या भिंतीतील स्नायूंना सैल करतो. वाहिनी सैलावली की तिच्यातला दाब उतरतो. म्हणजे लसणाने रक्तदाब कमी होतो या समजुतीला शरीरशास्त्राचा आधार आहे, ही निव्वळ आजीबाईंची बडबड नव्हे. प्रश्न इतकाच उरतो की तो किती कमी होतो आणि लसूण कोणत्या रूपात घेतल्याने.

या प्रश्नाचे उत्तर शोधताना मला चाचण्यांच्या निष्कर्षांपाशी थांबावे लागले. ऑस्ट्रेलियात कॅरिन रीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये लसणाच्या ११ चाचण्यांचा एकत्रित हिशेब मांडला. सगळ्या लोकांचा मिळून वरचा आकडा सरासरी ४.६ मिलिमीटरने (रक्तदाब पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये मोजतात) उतरला होता, आणि ज्यांचा रक्तदाब मुळातच वाढलेला होता त्यांच्यात ८.४ ने. हे आकडे किरकोळ वाटतील, पण ते तसे नाहीत. औषधांच्या मोठमोठ्या चाचण्यांचा एकत्रित अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात वरचा आकडा ५ मिलिमीटरने उतरला तर हृदयविकार व पक्षाघात यांसारख्या मोठ्या संकटांचा धोका सुमारे १० टक्क्यांनी घटतो असे आढळले. लसणाच्या बाजूने बोलणारी मंडळी इथेच थांबतात आणि टाळी घेतात.

मला मात्र पुढचे वाचावे लागले. या चाचण्या बहुतेक लहान होत्या आणि थोड्या आठवड्यांच्या होत्या. त्यांत कोणी सकाळी उठून पाकळ्या चावत नव्हते, तर लोक लसणाच्या वाळवलेल्या भुकटीच्या ठरावीक मापाच्या गोळ्या घेत होते, किंवा मद्यार्काच्या द्रावणात महिनोन्महिने मुरवलेल्या लसणाच्या अर्काच्या कॅप्सूल घेत होते. या मुरलेल्या अर्कात अ‍ॅलिसिन जवळजवळ नसतेच, त्याचे काम दुसरीच गंधकयुक्त द्रव्ये करतात. म्हणजे ज्या लसणाची परीक्षा झाली तो आत्याचा लसूण नव्हे. शिवाय लसणाची चाचणी घेणे मुळात अवघड आहे, कारण कोणाला खरी गोळी मिळाली आणि कोणाला खोटी हे गुप्त ठेवावे लागते, आणि लसूण स्वतःच चुगली करतो. कोलेस्टेरॉलवरच्या एका अभ्यासात, जो स्टॅनफर्ड विद्यापीठाने २००७ मध्ये प्रसिद्ध केला, संशोधकांनी लोकांना कच्चा लसूण सँडविचमध्ये घालून सहा महिने खाऊ घातला होता. कोलेस्टेरॉल काही हलले नाही, पण त्या सँडविचांची कल्पना मला फार आवडली. आणि २०१२ मध्ये वैद्यकीय चाचण्यांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या समीक्षकांनी उच्च रक्तदाबाच्या रुग्णांपुरता विचार केला तेव्हा त्यांच्या कसोटीला केवळ दोन चाचण्या उतरल्या. आकडा उतरतो असे त्यांतही दिसले, पण त्यामुळे हृदयविकाराने होणारे मृत्यू कमी होतात का, हे सांगण्याइतका पुरावा नाही, असे त्यांनी लिहिले.

रसायनापेक्षाही एक साधी अडचण मला जास्त महत्त्वाची वाटते. आपला रक्तदाब दिवसभर वरखाली होत असतो. जिना चढून आल्यावर, चहा घेतल्यावर, लघवी तुंबलेली असताना, फोनवर मुलाशी वाद घातल्यावर तो दहा-पंधराने सहज वाढतो. घरच्या यंत्रावर नीट मोजायचे म्हणजे पाच मिनिटे पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून, गप्प बसायचे, दंड हृदयाच्या पातळीत ठेवायचा आणि आधीच्या अर्ध्या तासात चहा-कॉफी घ्यायची नाही. इतके करूनही सकाळचा आणि संध्याकाळचा आकडा जुळत नाही. अशा गोंधळात लसणाने उतरवलेले चार-पाच मिलिमीटर एकट्या माणसाला ओळखता येतीलच असे नाही. त्यातून बहुतेक लोक लसूण सुरू करतात तो आकडा सर्वांत वाढलेला सापडल्याच्या दिवशी. अशा दिवसानंतरचा आकडा काहीही न करता आपोआपच थोडा खाली येतो, आणि श्रेय लसणाला जाते. ‘मला स्वतःला गुण आला’ हे वाक्य मी आता खोटे म्हणत नाही, पण पुरावा म्हणूनही धरत नाही.

वनस्पतीपासून रक्तदाबाचे औषध होतच नाही, असा याचा अर्थ कोणी काढू नये. मुंबईतच त्याचे ठळक उदाहरण आहे. केईएम रुग्णालयात रुस्तम जाल वकील या हृदयरोगतज्ज्ञांनी सर्पगंधेच्या मुळाच्या गोळ्या उच्च रक्तदाबाच्या ५० रुग्णांना देऊन त्यांच्या नोंदी काटेकोरपणे ठेवल्या, आणि १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये तो अभ्यास प्रसिद्ध केला. त्याआधी १९३१ मध्येच कलकत्त्यात सेन आणि बोस यांनी या मुळाच्या परिणामांविषयी लिहिले होते, पण जगाचे लक्ष वेधले ते वकिलांच्या लेखाने. तीनच वर्षांत स्वित्झर्लंडमधील बाझलच्या सिबा कंपनीत सर्पगंधेतून रेसर्पिन वेगळे काढले गेले, आणि १९५७ मध्ये वकिलांना वैद्यकातला मानाचा अमेरिकी लास्कर पुरस्कार मिळाला. पुढे रेसर्पिनचे दुष्परिणामही दिसले, विशेषतः काही रुग्णांमध्ये येणारी उदासीनता, आणि चांगली औषधे आल्यावर ते मागे पडले. सर्पगंधेचे मूळ मोजले गेले, तोलले गेले, त्याचे दोष सांगितले गेले आणि वेळ आल्यावर ते बाजूलाही ठेवले गेले. लसूण या वाटेवर थोडे अंतर चालला आहे, इतकेच म्हणता येईल.

मग स्वयंपाकघरात लसणाचे स्थान काय? माझे मत असे झाले आहे की रक्तदाबाच्या माणसाने लसणाकडे औषध म्हणून पाहण्यापेक्षा मिठाच्या जागी बसवायचा मसाला म्हणून पाहावे. भारताच्या मसाला मंडळाच्या ५२ मसाल्यांच्या यादीत लसूण आहेच, आणि त्याचे खरे बळ मला तिथे दिसते. जागतिक आरोग्य संघटना माणशी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खायला सांगते, म्हणजे चहाचा जेमतेम एक सपाट चमचा, त्यात सगळ्या जेवणांतले, बिस्किटांतले, फरसाणातले मीठ आले. आपण त्याहून बरेच अधिक खातो. मीठ रोज साडेचार ग्रॅमच्या आसपास घटवले तर उच्च रक्तदाबाच्या लोकांचा वरचा आकडा सरासरी पाचेक मिलिमीटरने उतरतो, असे २०१३ मधल्या एका मोठ्या समीक्षेत आढळले. हा पुरावा लसणाच्या पुराव्यापेक्षा कितीतरी भक्कम आहे. आणि गंमत अशी की मीठ घटवायला लसणासारखा मदतनीस नाही. अमेरिकेत बाल्टिमोर येथे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत काही लोकांना मसाले आणि सुगंधी पाने वापरून कमी मिठाचा स्वयंपाक कसा करायचा हे शिकवले, आणि काहींना त्यांच्या मनावर सोडले. वीस आठवड्यांनी शिकलेल्यांच्या पोटात दुसऱ्या गटापेक्षा दिवसाला जवळजवळ एक ग्रॅम सोडियम कमी जात होते, म्हणजे सुमारे अडीच ग्रॅम मीठ. चाचणीला पैसा मसाल्याच्या कंपनीशी संबंधित संस्थेचा होता, हेही सांगायला हवे, पण निष्कर्ष माझ्या जिभेच्या अनुभवाशी जुळतो.

इथे आपल्या खाद्यसंस्कृतीतली एक विसंगती आडवी येते. आपण लसूण सर्वांत जास्त ज्या रूपांत खातो तीच रूपे मिठाने भरलेली असतात. ठेचा करताना मिरची-लसणावर जाडे मीठ टाकतात ते चवीसाठी आणि नीट वाटले जावे म्हणूनही. वड्याबरोबरची लाल सुकी चटणी, लसूण-खोबऱ्याची चटणी, लसणाचे लोणचे या सगळ्यांत मीठ सढळ असते, आणि वर्षभराच्या कांदा-लसूण मसाल्यातही अनेक घरी ते टिकावे म्हणून घालतात. ‘मी रोज लसूण खातो’ असे अभिमानाने सांगणारा माणूस पुष्कळदा चमचाभर ठेच्याबरोबर भाकरी खात असतो. त्याच्या पोटात लसूण जातो हे खरे, पण मीठही जाते, आणि दोघांची ओढाताण झाली तर मीठच जिंकणार. मराठी पानाची डावी बाजू, जिथे मीठ, लिंबू, चटणी, लोणचे, कोशिंबीर वाढतात, तीच रक्तदाबाच्या माणसाने पहिल्यांदा तपासावी. त्यात पापड आला तर मिठाबरोबर पापडखारही आला, आणि तोही सोडियमचाच क्षार असतो. सैंधवाने हा प्रश्न सुटतो असे समजणारे लोक भेटतात, पण सैंधवही मुख्यतः तेच मीठ आहे.

उलट आपल्याकडे एक फार सोयीची गोष्ट आहे. ज्वारी-बाजरीच्या भाकरीत पुष्कळ घरी मीठ घालतच नाहीत. पोळीच्या कणकेत ते सवयीने पडते, आणि तिथून काढायला काहीच लागत नाही, कोणाला कळतही नाही. भाजी-आमटीत मात्र मी एकदम हात आखडला तेव्हा घरात ‘अळणी’ हा शब्द लगेच ऐकू आला. म्हणून थोडे थोडे घटवत गेले, आणि तेवढी जागा लसणाने भरली. तुरीच्या वरणाला तुपात जिरे आणि भरपूर ठेचलेला लसूण लालसर करून वरून फोडणी द्यायची, झाकण ठेवायचे, आणि पानात वाढताना लिंबू पिळायचे. वास आधी नाकात शिरतो आणि जीभ फसते. अन्नाला गंध भरपूर असला की तेच मीठ अधिक खारट लागते, हे चवीच्या अभ्यासकांनीही नोंदवले आहे. पालेभाजीला कच्चा ठेचलेला लसूण शेवटी घालून गॅस बंद करायचा, दह्यात शेंगदाण्याचे कूट, लसूण आणि भाजलेले जिरे घालून चटणी करायची, तिच्यात मीठ नावापुरते. काही आठवड्यांत जीभ सरावते, आणि मग बाहेरचे जेवण खारट लागू लागते, हा अनुभव मीठ कमी करणाऱ्या बहुतेकांना येतो. शक्य असेल तेव्हा मी गावरान लसूण आणते. सोलायला त्या बारीक पाकळ्या जिवावर येतात, पण त्यांचा तिखटपणा मोठ्या पाकळ्यांच्या पांढऱ्या लसणात नसतो, आणि मीठ कमी असताना तो तिखटपणाच हवा असतो. बाजारातल्या तयार आले-लसूण पेस्टमध्ये टिकण्यासाठी मीठ असते. पाकिटावरचे सोडियमचे मिलिग्रॅम अडीचने गुणले की मिठाचे मिलिग्रॅम निघतात, एवढा हिशेब दुकानात उभ्या उभ्या जमतो.

कच्च्या लसणाच्या मागे लागणाऱ्यांना दोन-तीन गोष्टी माहीत असाव्यात. उपाशीपोटी तो अनेकांच्या जठराला झोंबतो, पित्ताचा त्रास असणाऱ्यांना अधिक. लसणामुळे रक्ताच्या गुठळ्या होण्याची क्रिया थोडी मंदावते, त्यामुळे रक्त पातळ करणारी औषधे, विशेषतः वॉरफरिन, घेणाऱ्यांनी लसणाच्या कॅप्सूल किंवा मोठ्या प्रमाणातला कच्चा लसूण डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. शस्त्रक्रिया ठरली असेल तर तसे आधी सांगावे. फोडणीतल्या लसणाची अशी धास्ती घेण्याचे कारण नाही. पोटॅशियमयुक्त पर्यायी मीठही हल्ली मिळते. चीनमधल्या ६०० गावांत त्याची चाचणी झाली आणि पक्षाघाताचे प्रमाण १४ टक्क्यांनी घटले, हे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. पण मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांना किंवा रक्तदाबाची काही ठरावीक औषधे घेणाऱ्यांना ते धोक्याचे ठरू शकते, म्हणून तेही विचारूनच आणावे. आणि गोळी मनाने बंद करू नये. उच्च रक्तदाब बहुधा दुखत नाही, खुपत नाही, त्यामुळे गोळी सोडल्यावर ‘मला काहीच होत नाही’ असे वाटते, आणि आपल्या देशात प्रौढांपैकी तिसऱ्या हिश्शाहून अधिक लोकांचा रक्तदाब वाढलेला असल्याचे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत आढळले आहे.

एक अडचण खास आमच्या घरची, आणि बऱ्याच मराठी घरांची, उरते ती चातुर्मासाची. आषाढ शुद्ध नवमीला, कांदेनवमीला, भजी आणि थालीपिठे करून कांदा-लसणाचा निरोप घ्यायचा आणि मग कार्तिकी एकादशीपर्यंत तो घरात आणायचा नाही, हा नेम माझ्या सासूबाई पाळतात. मी स्वतः पाळत नाही, पण स्वयंपाक एकच असतो. मिठाची जागा भरणारा गडीच चार महिने रजेवर जातो तेव्हा हात पुन्हा मिठाकडे वळू लागतो. हिंग, भाजलेल्या जिऱ्याची पूड, ताजे कुटलेले मिरे आणि आले यांनी बरेच काम भागते. आंबटपणासाठी मात्र आमसूल बेताने घ्यावे लागते, कारण कोकमाची साले पुष्कळदा मिठाच्या रसात घोळवूनच वाळवतात, आणि आगळात तर मीठ ओतलेलेच असते. त्या दिवसांत आमटी चिंचेची करायची किंवा लिंबू पिळायचे, आणि आमसूल वापरलेच तर त्या भांड्यात वेगळे मीठ घालायचे नाही, एवढे सासूबाईंनीही आता मान्य केले आहे.